कसारा ते राजूर, व्हाया कात्राबाईची खिंड: तीन दिवस, एक सायकल आणि तुटलेला हँगर

दोनचाकी

गेल्या महिन्यात (डिसेंबर) एकटाच जाऊन आलो. सायकल म्हणजे पुढे सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी (डोंगरी सायकल), २९ इंची चाकं, २.२ चे टायर, ट्यूबलेस. कॅरिअर नाही. हँडलला एक पिशवी, सीटखाली एक, फ्रेमच्या त्रिकोणात एक. सायकल साडेतेरा किलो, सामान नऊ. हा नवाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे रडायला उपयोगी पडेल.

बेत असा होता: पहिल्या दिवशी कसारा, घोटी, शेंडी, रतनवाडी. दुसऱ्या दिवशी रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत. तिसऱ्या दिवशी पाचनई करून राजूर. रतनगड ते हरिश्चंद्रगड हा ट्रेक ज्यांनी केलाय त्यांना वाट ओळखीची वाटेल. पाठपिशवीऐवजी सायकल, एवढाच माझा फरक. हा 'एवढाच' मी घरी सोफ्यावर बसून ठरवला होता.

पहाटेच्या कसारा लोकलला मालडब्यात चढलो. एका मावशींनी मेथीची गाठोडी सरकवून जागा केली आणि पिशव्यांकडे बघून विचारलं, "काय विकता?" कसाऱ्याला उतरून घाट चढायला घेतला. या घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीमागे बँकर इंजिनं जोडतात. शेजारच्या रुळांवर ती ढकलाढकली ऐकत मी एकटा पायडल मारत होतो. मागून ढकलणारं कोणी नव्हतं, नुसते हॉर्न देणारे ट्रक होते.

घोटीनंतर जीव थंड झाला. बारीच्या अलीकडचा चढ दमवतो, पण डावीकडे कळसूबाई जी दिसायला लागते ती शेंडीपर्यंत सोडत नाही. शेंडीला मिसळ, दोन चहा, आणि मग भंडारदरा धरणाच्या कडेने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. रस्ता कुठे डांबरी, कुठे डांबराची नुसती आठवण. उन्हं कलताना पाण्यात रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका उलटे पडले होते. सायकल झाडाला टेकवून वीस मिनिटं नुसता बसलो. एकट्याने जायचा एकमेव फायदा मला तिथे सापडला: चला आता, असं म्हणणारं कोणी नसतं.

अमृतेश्वराच्या देवळाजवळ एका घरी मुक्काम. पडवीत पथारी, रात्री नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, वरण-भात. तंबू नेला होता, उघडलाही नाही. दिवसाचे ८० किमीच्या आसपास झाले.

दुसरा दिवस जेवण करून लिहितो.

---

घाटवाट्या

थांबा. कात्राबाईच्या खिंडीतून सायकल? एकट्याने?? पुढचं वाचायच्या आधी ओरडून घेतो. त्या जंगलात आम्ही सहाजण एकदा दीड तास चुकलो होतो. पुढचा भाग लवकर टाका, हातपाय धड आहेत का तेवढं आधी सांगा.

---

दोनचाकी

हातपाय धड. सायकल नाही.

सकाळी सातला निघालो. सुरुवातीला प्रवरेच्या ओढ्यालगतची वाट. पहिली वीसेक मिनिटं चक्क चालवत गेलो आणि मनातल्या मनात तुम्हा सगळ्यांना फोटो दाखवले. मग गोटे सुरू झाले, मग ओढा आडवा, मग दाट झाडी. रतनगडाचा फाटा सुटल्यावर खिंडीची वाट चढायला लागते, आणि तिथून सायकल हे वाहन राहत नाही, तो एक आडमुठा बैल होतो. ढकलावी तर पायडल नडगीवर बसतं, उचलावी तर हँडल वळून कारवीत अडकतं.

शेवटी बुद्धी झाली. पिशव्या सोडल्या, आधी पिशव्या वर नेऊन ठेवायच्या, खाली यायचं, मग सायकल खांद्यावर घ्यायची. म्हणजे एकच चढ तीनदा: दोनदा वर, एकदा खाली. अशा किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं मी अकराव्या फेरीनंतर सोडून दिलं. त्या फेऱ्यांत नऊ किलोंचा एकेक ऐवज डोळ्यांसमोर येत होता. दुसरी पँट कशाला? पॉवर बँक दोन कशाला? तो न उघडलेला तंबू?

माणूस एकच भेटला. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एक आजी. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरा, रस्त्यानं येस्टी जाती रं."

खिंडीत पोचलो तेव्हा पावणेदोन. कात्राबाईचं ठाणं आहे, शेंदूर लावलेले दगड. नारळ नव्हता, गुळदाण्याची वडी ठेवली. मागे भंडारदऱ्याचं पाणी आणि कळसूबाईची रांग, पुढे आजोबा, नाफ्ता आणि हरिश्चंद्रगडाचा पसारा. फोटोत काही आलेलं नाही.

आणि मग उतरताना व्हायचं ते झालं. पाणी प्यायला सायकल कारवीला टेकवली. ती सरकली आणि उजव्या अंगावर, म्हणजे चेनच्या बाजूने, दगडावर आपटली. उचलली, झटकली, चाक फिरवून बघितलं, ठीक वाटलं. इथे चूक झाली. वाकून मागून बघायला हवं होतं. हँगर, म्हणजे मागचा डिरेल्युअर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा छोटा तुकडा, आत वाकला होता, ते मला दिसलं नाही. खाली शेतं सुरू झाली, बैलगाडीची वाट लागली, मी आनंदाने स्वार झालो, एका चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला आणि खाड्कन आवाज. डिरेल्युअर स्पोकमध्ये गेला, हँगर तुटला, एक स्पोक वाकडा.

कुमशेतला सायकल हातात धरून सहाला पोचलो. अंधार पडत होता.

---

गिअरवेडा

स्पेअर हँगर नव्हता?? वीस-तीस ग्रॅमची वस्तू! दोन पॉवर बँका नेता आणि हँगर नेत नाही?

---

दोनचाकी

नेला होता हो. तीच तर गंमत. दुकानात फ्रेमचा मॉडेल सांगून घेतला होता, "हाच बसतो" म्हणाले, मी पिशवीत टाकला. कुमशेतच्या पडवीत काढून लावायला गेलो तर भोकंच जुळेनात. दुकानाला काय बोलायचं, घरी एकदा लावून बघायला मला पाच मिनिटं लागली असती. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो हे मी स्वतः इथल्या दोन धाग्यांवर लोकांना शिकवलंय.

---

गिअरवेडा

मग राजूरपर्यंत आलात कसे?

---

दोनचाकी

सिंगल स्पीड करून. हे जरा सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी कामाला येईल.

ज्या घरी उतरलो तिथला आठवीतला मुलगा बॅटरी धरून बसला. डिरेल्युअर पूर्ण काढला, केबल गुंडाळून फ्रेमला बांधली. आता चेन सरळ पुढच्या चक्रीवरून मागच्या एका चक्रीवर घ्यायची. पुढे ३२ दाते. मागे आधी १९ ची चक्री धरली, चेन ढिली राहिली, कड्यांची आणखी एक जोडी काढली तर पुरेना. मग २१ वर करून बघितलं, तिथे नेमकी बसली. ना ताठ, ना लोंबती. चेन टूलने पिन ढकलून वीसेक कड्या काढल्या आणि क्विक लिंकने (हाताने लावता-काढता येणारी जोडकडी) टोकं जोडली.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी दोन. एक, चेन वरून बघितली की शक्यतो सरळ रेषेत हवी. तिरकी असली की ती चढून शेजारच्या मोठ्या चक्रीवर जाते, मग इतकी ताठ होते की काहीतरी तुटतंच. दोन, पहिली पिन ढकलताना ती पार बाहेर पाडू नका, क्विक लिंक नसेल तर तीच परत लागते. (माझ्याकडे लिंक होती. पिन तरीही पडली आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती शोधायला घरातले पाचजण लागले.)

काढलेल्या कड्यांचा तुकडा त्या पोराने मागून घेतला. सकाळी बघतो तर मनगटात बांधलेला, दोऱ्याने गाठ मारून.

---

अकोलेकर

लेख आवडला, पण एका शब्दावर बोलायचं आहे.

तुमच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटात याला 'रफ बॅककंट्री ट्रेल' म्हणताना वाचलंय. माझं आजोळ कुमशेतच्या बाजूचं. तुम्ही ज्या वाटेवर अकरा फेऱ्या मोजल्या त्या वाटेने आमची आजी रतनवाडीच्या जत्रेला जायची, अनवाणी. हिरडा गोळा करायची वाट तीच, सोयरिकीची वाट तीच, रस्ता होण्याआधी आजाऱ्याला डोलीत घालून न्यायची वाट तीच. ती 'बॅक' कोणाच्या दृष्टीने? आमच्या तर पुढच्या दारातली आहे.

याच रानात राघोजी भांगरे इंग्रजांना वर्षानुवर्षं हुलकावण्या देत फिरले. पंढरपुरात सापडले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. ते टिकले ते या वाटा आणि या घरांमुळे. रिकामं जंगल असतं तर दोन महिन्यांत धरले असते.

रागावून लिहीत नाहीये. तुम्ही घरात राहिलात, तंबू उघडला नाहीत, हे चांगलं केलंत. जेवणाचे पैसे दिलेत ना?

---

दोनचाकी

दिले. दोन्हीकडे मागितले त्याहून थोडे जास्त, कुमशेतला तर आधी मागतच नव्हते. शब्दाबद्दल मान्य. शीर्षकात मी तो वापरला नाही, पण बोलताना सर्रास वापरतो. तुमची आजी अनवाणी आणि मी कार्बन सोलच्या बुटात, हे वाचून आज दुपारभर गप्प बसलोय.

---

निवृत्त_आबा

आमच्या लहानपणी दूधवाला २४ इंची अॅटलसवर चार कॅन लटकवून रोज वीस-पंचवीस किलोमीटर करायचा. कॅरिअरला म्हशीची पेंड, दांडीवर पोरगा. त्याला कोणी बाइकपॅकिंग म्हटलं नाही. गिअर तुटायची भीती नाही, कारण गिअरच नाही. तुम्ही एवढे पैसे घालून शेवटी आमच्याच सायकलवर आलात की!

---

गिअरवेडा

आबा 😄 एकाच गिअरची झाली खरी, तरी ३२-२१ म्हणजे अॅटलसपेक्षा बराच हलका गिअर. पण आबा, अॅटलस खांद्यावर घेऊन खिंड चढा बघू.

---

निवृत्त_आबा

चढायचं कशाला? आजीबाईंनी सांगितलं ना, येस्टी जाते.

---

स्नेहल_एडिनबरा

इथल्या अनुभवाची भर घालते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने सगळ्यांनाच बहुतेक जमिनीवरून चालायचा, सायकल न्यायचा, एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क दिलाय. जमीन खासगी असली तरी. मोटारगाडीला हा हक्क नाही. अट अशी की जबाबदारीने वागायचं. तरीही लॉक लोमंड तळ्याच्या गर्दीच्या काठांवर मार्च ते सप्टेंबर तंबूला परवाना लागतो, कारण लोक येऊन शेकोट्या आणि बाटल्या टाकून जायचे.

मी इथे एकटी दोन-दोन रात्री जाते आणि माणूस दिसत नाही. सुरुवातीला ते भारी वाटलं. पण तुमची ती पडवी, पिन शोधणारे पाचजण हे वाचलं आणि जाणवलं की इथे माझी चेन तुटली तर बॅटरी मलाच दातात धरायची आहे.

---

घाटवाट्या

आपल्याकडे नियम वेगळे, तेही सांगायला हवेत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ ला जाहीर झालेलं, ३६० चौ. किमीच्या आसपास. नाक्यावर पावती करावी लागते. परवानगीशिवाय जंगलात मुक्काम नाही, जाळ तर नाहीच. दोनचाकी, तुम्ही पावती केली होती का? आणि सायकल न्यायची म्हणून विचारलं होतं का?

---

दोनचाकी

पावती केली. सायकल घेऊन खिंडीतून जाणार असं नाक्यावर सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, जमलं तर जा, नाही जमलं तर याच रस्त्याने परत या. याला लेखी परवानगी म्हणत नाहीत, कबूल. पुढच्या वेळी वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून जाईन, आणि कोणी जाणार असेल तर त्यांनीही विचारावं.

चुकण्याबद्दल: जीपीएसचा माग फोनमध्ये उतरवून नेला होता. झाडीत तो वीस-तीस मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. खरी वाट मला शेणाने दाखवली. गुरांची ताजी वाट असेल तिथे गाव असतंच. घरी कागदावर लिहून ठेवलं होतं की दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. खिंडीच्या आसपास रेंज नव्हती. कुमशेतला त्या घरच्यांनी अंगणाच्या एका कोपऱ्यातला दगड दाखवला, त्यावर उभं राहिलं की एक काडी येते. फोन पावणेनऊला लागला. बायकोने उचलल्या उचलल्या विचारलं, "सायकलला काय झालं?" तिला कसं कळलं कोण जाणे.

---

मुक्ता_०७

खूप दिवसांपासून असं काही करायचं मनात आहे. बाईने एकटीने करावं का? खरं उत्तर हवंय, धीर देणारं नको.

---

दोनचाकी

खरं सांगायचं तर मला हे कळणार नाही. मी अनोळखी दारात संध्याकाळी सहाला उभा राहिलो आणि घरातल्यांनी आधी पाणी दिलं. तुमच्या बाबतीतही देतील असं वाटतं, पण 'वाटतं' यावर तुम्ही बेत करू नये.

---

रानजाई

मुक्ता, मी भंडारदऱ्याची पूर्ण प्रदक्षिणा एकटीने सायकलवर केली आहे: शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि उडदावण्याकडून परत. मुक्काम आधी फोन करून ठरवलेला होता, आणि मी घरातल्या बाईशीच बोलले होते. हे महत्त्वाचं. पोचेपर्यंत तिला माझं नाव ठाऊक होतं. रस्त्यात त्रास झाला तो शनिवारी गाड्या घेऊन येणाऱ्या पर्यटकांचा, गाववाल्यांचा नाही. म्हणून मी मंगळवार-बुधवार निवडते. काजव्यांच्या मोसमात, म्हणजे मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, शनिवार-रविवारी अजिबात जाऊ नकोस, तेव्हा तिथे काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त असतात.

खिंड मात्र मी एकटी नाही करणार. ते बाई-पुरुष म्हणून नाही. घोटा मुरगळला तर उचलायला दुसरं माणूस हवं.

---

घाटवाट्या

+१. शेवटचं वाक्य दोनचाकींनी फ्रेम करून सायकलच्या फ्रेममध्ये लावावं.

---

दोनचाकी

लावतो.

तिसरा दिवस राहिलाच. पाचनईचा बेत सोडला. कुमशेत, आंबीत, शिरपुंजे, राजूर असा रस्त्याने आलो, तीसेक किमी. सपाटीला ताशी पंधरा-सोळा, त्याहून वेग घ्यायचा तर पाय पंख्यासारखे फिरतात. उताराला पाय थांबवून बसायचं. चढाला उतरायचं आणि चालायचं. सांगायला लाज वाटते, पण तिन्ही दिवसांतला सगळ्यात मजेचा दिवस हाच. गिअर नाही म्हटल्यावर कोणता गिअर टाकू हा विचारच संपला. चालताना खळ्यावर भाताची झोडणी बघितली. एकाने काळभाताची मूठ हातावर ठेवली, काळपट तुसाचा, वासाचा भात. शिरपुंज्याच्या अलीकडे शाळेची पोरं मागे धावली आणि चढावर त्यांनी सायकल ढकलली. कसारा घाटात मागितलेलं बँकर इंजिन इथे मिळालं, तेही चार डब्यांचं.

राजूरला पेढे घेतले. तिथून टोमॅटोच्या रिकाम्या पिकअपमध्ये घोटी, आणि पुढे इगतपुरीवरून घाट उतरून कसारा. घाटात ब्रेक तापले, बाकी सुखरूप.

---

कांदेपोहे

तीन दिवस वाचतोय ते या ओळीसाठी. पेढे कंदी की साधे?

---

अकोलेकर

राजूरचे पेढे असा प्रश्न विचारायचा नसतो, खायचे असतात.

---

कांदेपोहे

कोणी पाठवले तर.

---

गिअरवेडा

परत कामाचं: नऊ किलोंत काय काय होतं आणि पुढच्या वेळी काय वगळाल? टायरात हवा किती?

---

दोनचाकी

हवा पुढे २२, मागे २५ पीएसआय. गोट्यांवर यापेक्षा जास्त ठेवली की हाडं खिळखिळी होतात, कमी ठेवली की रिम दगडावर आपटते. टायरात घातलेल्या सीलंटने (भोक बुजवणारा द्रव) बाभळीच्या दोन काट्यांची भोकं जागच्या जागी बुजवली, काटे काढलेच नाहीत, घरी येऊन काढले.

वगळणार: तंबू, दुसरी पँट, एक पॉवर बँक, स्टोव्ह, गॅस. गावागणिक घर असताना स्टोव्ह नेणं म्हणजे त्यांच्या चुलीचा अपमान. एवढ्यानेच चार किलो कमी होतात. ठेवणार: पातळ स्लीपिंग बॅग (डिसेंबरात पडवीतही दातखीळ बसते), चेन टूल, दोन क्विक लिंक, दोन स्पोक, पाण्याच्या तीन बाटल्या. रतनवाडी सोडल्यावर ओढ्याचं पाणी वरवर आटत जातं आणि खिंडीत नाही, हे डिसेंबरातलं. मार्चनंतर आणखी भरून न्यावं लागेल.

आणि वाढवणार: योग्य हँगर. गेल्या रविवारी मिळाला. दुकानातच उभं राहून लावून बघितला, दुकानदार वैतागला.

---

अकोलेकर

पाचनई राहिलंय तुमचं. फेब्रुवारीत या, तेव्हा मुळेचं पात्र पेठेच्या वाडीकडून ओलांडता येतं, पावसाळ्यात तिकडे फिरकू नका. आजोळी मामा आहेत, त्यांना सांगून ठेवतो. सायकल रस्त्याने आणा म्हणजे झालं.

---

रानजाई

माझं नाव लिहा. मंगळवार-बुधवार असेल तर.

---

मुक्ता_०७

माझंही. पण खिंड नाही हं.

---

दोनचाकी

खिंड नाही. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, पहिली कसारा लोकल, मालडबा. कल्याणला पुढे उभे राहा, मेथीवाल्या मावशींच्या आधी चढावं लागतं.

---

निवृत्त_आबा

मी एसटीने येऊन राजूरच्या स्टँडवर बसतो. कांदेपोहेंच्या वाट्याचे पेढे सांभाळायला कोणीतरी हवंच.

---

कांदेपोहे

आबा, तुम्ही सांभाळणार म्हणजे संपलंच की!